पहिल्या बादलीचा मान

१

मिरी जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तिच्या आईने स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपाला साखळी घालून कुलूप लावलं होतं.

‘हात लावू नकोस, दादा,’ ती म्हणाली. ‘ह्यातल्या पाण्याने माझी लेक नेली.’

चपला काढता काढता फौजदार दारातच थांबला. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी लोक त्याला अजून फौजदारच म्हणत. मिरी फौजदारमामा म्हणायची, आणि तो आला की आधी त्याच्या खिशांची झडती घ्यायची. पाच वर्षांची पोर, अंगाने मूठभर आणि तोंडाने तिखट, म्हणून मिरी. एका सकाळी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवर ती संपली. फौजदार बसमधून उतरून धावत पोचला तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

‘कुलूप कशाला, धाकटे?’ त्याने मऊपणाने विचारलं.

‘पुरावा आहे तो. तूच म्हणायचास ना, पुराव्याला कुणाचा हात लागू देऊ नये?’

म्हणायचा खरा. पण जेवताना पोलीस खात्याच्या बढाया मारणं वेगळं आणि स्वतःच्या बहिणीच्या तोंडून ते शब्द परत ऐकणं वेगळं. त्याने चष्मा काढला, उगीचच पुसला आणि परत घातला.

धाकटीने सगळं सांगितलं, जणू फिर्याद लिहून देत होती. आरोग्य खात्याची माणसं येऊन गेली होती. त्यांनी पिंपातलं पाणी तपासायला नेलं, आणि पाणी खात्याच्या माणसाने आवारातल्या नळाचं नेलं. पिंपात मैल्याचे जंतू निघाले. नळाच्या पाण्यात औषधालाही काही सापडलं नाही.

‘नळ स्वच्छ आणि पिंप नासलेलं. आजूबाजूच्या एकाही घरात कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. ह्याचा अर्थ काय होतो, तू सांग. तू फौजदार.’

अर्थ त्याला कळत होता आणि आवडत नव्हता. नळापासून पिंपापर्यंत चार पावलांची वाट. पाणी बिघडलं असलं तर त्या वाटेवर बिघडलं असणार. आणि पाणी वाटेत आपोआप बिघडत नाही.

‘कुणीतरी घाण मिसळली,’ धाकटी म्हणाली. ‘आणि कुणी मिसळली तेही मला ठाऊक आहे.’

२

आवारात दहाएक बिऱ्हाडं होती. मध्ये फरसबंद चौक आणि चौकात पिण्याच्या पाण्याचा एकच नळ. धुण्या-भांड्यांना विहिरीचं खारट पाणी पुरे व्हायचं, पण पिण्याचं पाणी रोज सकाळी थोडाच वेळ येई आणि पुष्कळदा अर्धी रांग उभी असतानाच निघून जाई. म्हणून बायकांनी केव्हातरी आपापसांत ठरवून टाकलं होतं, की ज्या घरात सगळ्यांत लहान मूल, पहिली बादली त्या घराची. मोठी माणसं काय, एक दिवस तशीच काढतील. ह्या ठरावासाठी ना कधी बैठक झाली ना कुणी सही केली, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. भांडकुदळ म्हणून गाजलेल्या बायकासुद्धा पहिल्या बादलीच्या वेळी मुकाट्याने बाजूला होत.

‘मिरी झाल्यापासून पहिली बादली माझी,’ धाकटी सांगत होती. ‘मग समोरच्या शिवणवालीला बाळ झालं. तीन महिने गेले आणि आली माझ्याकडे. म्हणते, ताई, आता नंबर माझा. मी म्हटलं, तुझं बाळ अंगावर पितंय, त्याला पाणी कशाला लागतंय? माझी पोर आधीच किरकोळ. नाही दिला नंबर. तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही. मिरीचा फ्रॉक शिवायला टाकला होता, तोही तिने लटकवून ठेवला.’

‘एवढ्यावरून कुणी लेकराच्या पाण्यात घाण टाकेल?’

‘मिरीला पोचवून आलो ना, त्याच्या दुसऱ्या सकाळी तिची बादली नळाखाली होती. पहिली.’

फौजदार उठला. ह्याहून क्षुल्लक कारणांसाठी माणसं मेलेली त्याने पाहिली होती.

त्याने आधी घर पाहिलं. बोट ठेवायला जागा नव्हती. पिंपाला घट्ट झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, ते अडकवायला वेगळा खिळा, हात धुवायचा साबण पिंपाच्या आधी. बादलीसुद्धा घासूनपुसून पालथी घातलेली. धाकटी पाणी उकळत नव्हती, पण आवारात कुणीच उकळत नव्हतं. नळाचं पाणी तपासलेलं आणि शुद्ध असल्याचं खातं सांगतच होतं. घरात मिरीखेरीज आजारी पडली ती फक्त तिची आजी, धाकटीची सासू. दोन दिवस आडवी होती, मग सावरली. म्हातारीच्या अंगात तेवढी ताकद निघाली आणि पोरीच्या निघाली नाही, ह्याची म्हातारीला इतकी लाज वाटत होती, की ती कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

मग तो चौकात गेला. सकाळचं पाणी येऊन गेलं होतं आणि तोटी उघडीच होती. गाळण्यासाठी बायका नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधत, ते बांधलेलं होतं, पण लोंबत मात्र नव्हतं. कुणीतरी बोटाने कोंबावं तसं ते नळाच्या आत गेलं होतं. फौजदाराने ते ओढून काढलं, हुंगलं, उजेडात धरून पाहिलं. साधं ओलं फडकं, कडेला थोडं विरून फाटलेलं.

‘हे आत कुणी खुपसलं?’

‘कुणी नाही,’ मागून आजी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली हे त्याला कळलंही नव्हतं. ‘अलीकडे रोजच जातं आत. पाणी आलं की येतं बाहेर.’

त्याने फडकं पुन्हा सरळ केलं. आजी मात्र तिथून हलली नाही. काठीच्या टोकाने फरशीवर रेघोट्या ओढत राहिली.

‘मी बोलणार नव्हते,’ ती शेवटी हळूच म्हणाली. ‘सुनेला सांगितलं तर ती त्या बाईचा गळा धरेल. तुम्हाला सांगते. मिरी आजारी पडायच्या आदल्या दिवशी सून बादली भरून पिंपाचं झाकण काढायला आत गेली. बादली इथेच कट्ट्यावर होती. आणि शिवणवालीने त्या बादलीत हात घातला. माझ्या ह्या डोळ्यांनी पाहिलं.’

३

शिवणवालीची खोली म्हणजे अर्धी खोली आणि अर्धं दुकान. मशीन, खडू, कागदाचे कापलेले नमुने, खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर बाळ झोपलं होतं. फौजदाराला पाहताच ती उठून उभी राहिली आणि तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

‘मला माहीत होतं, तुम्ही येणार,’ ती म्हणाली. ‘बसा.’

त्याने आडवळण घेतलं नाही. ‘बादलीत हात का घातलास?’

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती ‘मी नाही’ म्हणाली नाही, आणि तिथेच फौजदाराचे कान टवकारले.

‘दोरा होता पाण्यात,’ ती म्हणाली. ‘तरंगत होता. मला वाटलं, माझ्याच अंगावरून उडाला. माझ्या कपड्यांना कायम दोरे चिकटलेले असतात, बघा ना. ताई आधीच माझ्यावर रागावलेल्या. त्यांच्या पाण्यात माझा दोरा दिसला असता तर मला बोलायला जागा उरली नसती. म्हणून त्या आत गेल्या तेवढ्यात काढला.’

‘आणि?’

‘घरी येऊन बघितला तर माझा नव्हताच तो. जाडाभरडा होता, सुतळीसारखा. बुळबुळीत लागला आणि वासही मारत होता. फेकून दिला मी.’

‘हे कुणाला सांगितलं का नाहीस?’

‘दुसऱ्या दिवशी मिरी आजारी पडली. काय सांगणार होते मी, साहेब? पहिला प्रश्न हाच आला असता ना, तुझा हात बादलीत काय करत होता?’

खोटं बोलणारा माणूस स्वतःला बरी बाजू देतो. ही बाई आपल्याच गळ्यात दोर अडकवून घेत होती. तिच्या डोक्यामागच्या खुंटीवर एक पिवळा फ्रॉक टांगलेला होता. एवढासा. बाह्यांना आणि घेराला दुहेरी झालर लावलेली.

तिने त्याच्या नजरेचा रोख ओळखला. ‘तयार आहे कधीचा. झालर त्यांनी सांगितली नव्हती, मीच लावली. म्हटलं, फ्रॉक बघून तरी बोलतील माझ्याशी.’ तिने हात वर करून झालर सरळ केली. ‘आता कुणाला नेऊन देऊ?’

आपल्या भाचीला ह्या बाईने मारलेलं नाही एवढं फौजदाराला त्या क्षणी मनोमन पटलं. पण मन म्हणजे पुरावा नव्हे, आणि धाकटीला पुरावा हवा होता.

ढिगावरचं बाळ जागं होऊन रडू लागलं. शिवणवालीने त्याला मांडीवर घेतलं आणि बाटली तोंडाला लावली.

‘अंगावर पितं ना हे?’ फौजदाराने विचारलं.

तिने मान खाली घातली. ‘मला दूध पुरत नाही. वरचं देते, पाणी घालून, कोमट करून. बायका नावं ठेवतात म्हणून कुणाला सांगितलं नाही. नंबर मागायला गेले तेव्हा ताईंना सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही माझी.’

बाळाने बाटली जिभेने ढकलून दिली आणि पाय पोटाशी घेतले.

‘कालपासून किरकिरतंय नुसतं,’ ती म्हणाली.

फौजदाराला चोरांच्या गप्प बसण्यातलं पुष्कळ कळायचं, तान्ह्या मुलांच्या रडण्यातलं काही कळत नसे. त्याने चपला घातल्या आणि तो निघाला.

४

पाणी खात्यातला नमुनेवाला इस्त्रीच्या शर्टाचा आणि कापलेल्या नखांचा माणूस होता. गावभरच्या नळांचे नमुने तोच गोळा करायचा. नमुना न घेता टेबलावर बसूनच बाटली भरली नाही ना, असं फौजदाराने आडून आडून विचारलं, तर तो असा उसळला की त्याच्या खिशातलं पेन खाली पडलं.

‘चला, दाखवतोच तुम्हाला. पोलिसांना सगळे चोरच दिसतात.’

कार्यालयाच्या मागच्या नळाशी नेऊन त्याने साग्रसंगीत प्रयोग केला. आधी नळाचं तोंड पुसलं. मग स्पिरिटचा बोळा पेटवून त्याची ज्योत त्या तोंडाभोवती फिरवली. मग नळ पूर्ण सोडला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पाणी धो धो वाहून मोरीत जाऊ लागलं.

‘हे वाया का घालवताय?’

‘हे पाइपात उभं राहिलेलं पाणी. ते नाही घ्यायचं, त्याने नमुना बिघडतो. भरपूर वाहू द्यायचं, म्हणजे लाइनीतलं खरं पाणी येतं. मग बाटली भरायची. नियमच आहे तसा.’

‘आमच्या आवारातही असंच केलंत?’

‘तिथे तर बायका अंगावर आल्या. बादल्या घेऊन रांगेत उभ्या आणि मी पाणी सोडून देतोय! पण मी ऐकलं नाही. वाहू दिलं आणि मगच नमुना घेतला.’ त्याने आता कुठे बाटली नळाखाली धरली. ‘आता सांगा, काय चुकलं माझं?’

काही चुकलं नव्हतं. फौजदाराने माफी मागितली, ती मनापासून मागितली. तरी त्याला काहीतरी बोचत राहिलं, आणि काय बोचतंय ते हाती लागेना.

लाइनीची दुरुस्ती करणारा खात्याचा फिटर त्याला शोधावा लागला नाही. आवाराबाहेरच्या रस्त्यावर कुणाची तरी तोटी बदलत तो उकिडवा बसला होता. शेजारी त्याची उघडी पिशवी. पाने, तोट्या, सांधे बुजवायच्या पांढऱ्या लुकणाचा डबा, आणि एका कोपऱ्यात जाड्याभरड्या पिवळट धाग्यांचा गुंता.

फौजदाराने त्यातला एक धागा उचलून बोटांत चोळला. ‘हे काय?’

‘ताग. पाइपाच्या सांध्यावर गुंडाळतो, म्हणजे गळत नाही.’

‘आवाराच्या लाइनीला एवढ्यात कुठे गुंडाळला होतास?’

फिटरने हातातल्या पान्यानेच दाखवलं. रस्त्याच्या कडेला उघडं गटार होतं, आणि आवाराला जाणारा पाइप त्याच गटारातून, काळ्या पाण्याच्या पोटातून, पलीकडे गेला होता. ‘तिथे सांधा ठिबकत होता. त्या मुलीचं झालं ना, त्याच्या थोडे दिवस आधी. ताग गुंडाळला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. नवा पाइप मागितलाय मी, दोनदा मागितलाय. आला की बदलून टाकतो.’

‘अरे, पण गटाराच्या पाण्यात बुडालेला सांधा! घाण आत जाणार नाही?’

फिटर हसला, लहान मुलाला समजवावं तसं. ‘साहेब, नळाच्या पाण्याला जोर असतो. सांधा गळला तर आतलं पाणी बाहेर जाणार. बाहेरचं आत कसं जाईल?’

बरोबर होतं. फौजदाराने मान डोलावली आणि आवाराच्या फाटकाकडे वळला. दोन पावलं गेला असेल नसेल, तोच त्याला ते फडकं आठवलं. कुणीही न कोंबता नळाच्या तोंडात गेलेलं फडकं. पाणी चालू असताना जोर बाहेर. पण दिवसाचे बाकीचे तास पाणी बंद असतं. रिकामा होत जाणारा पाइप तेव्हा आत ओढतो. एका टोकाला फडकं ओढतो, आणि मधल्या फटीतून गटार.

मग ते पाणी पाइपात उभं राहतं, दुसऱ्या सकाळपर्यंत. आणि सकाळी सगळ्यांत आधी बाहेर पडतं, पहिल्या बादलीत.

तो धावत सुटला. फाटकातून आत येतो तर चौकात बायकांचा गलका, आणि मध्ये शिवणवाली, हातात मान टाकलेलं बाळ घेऊन.

५

बाळ वाचलं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या फौजदाराने डॉक्टरांना ओरडूनच सांगितलं, की ह्याच्या पोटात गटाराचं पाणी गेलंय. तपासण्यांत वेळ गेला नाही, लगेच सलाइन लागलं. मिरीच्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळे तिने बाहेरचं काय खाल्लं ते विचारत बसले होते.

त्याच दिवशी फौजदाराने घरोघर जाऊन नळाचं पाणी न उकळता तोंडाला लावायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या सकाळी नमुनेवाला पुन्हा आला, फौजदाराच्या शब्दाखातर. ह्या वेळी त्याने दोन बाटल्या भरल्या, एक नळ सुटताक्षणी आणि एक पाणी चांगलं वाहून गेल्यावर. दिसायला दोन्ही सारख्याच, काचेसारख्या. तपासणीचा निकाल आला, त्या संध्याकाळी फौजदाराने सगळ्या आवाराला चौकात बोलावलं.

धाकटी तिच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा नवरा बाजूच्या पायरीवर, गुडघ्यात मान घालून. शिवणवाली सगळ्यांच्या मागे, बाळाला छातीशी धरून. फिटर आणि नमुनेवाला नळाच्या दोन बाजूंना, पंचनाम्याला आणल्यासारखे.

‘सगळ्यांना वाटत होतं की नळ आणि पिंप ह्यांच्या मध्ये कुणाचा तरी हात आला,’ फौजदार म्हणाला. ‘कारण नळाचं पाणी चांगलं निघालं. पण खात्याने तपासलं ते पाणी आणि मिरीच्या घरात गेलं ते पाणी एक नव्हतं. खात्याचा नियम आहे, आधीचं पाणी सोडून द्यायचं आणि मग नमुना घ्यायचा. नियम खोटा नाही. पण खातं जे पाणी सोडून देत होतं, तेच आपण रोज सगळ्यांत आधी भरून घेत होतो.’

मग त्याने गटारातला सांधा सांगितला, ट्यूबची पट्टी सांगितली, आत ओढलं जाणारं फडकं सांगितलं. बादलीत सापडलेला तागाचा धागा सांगितला आणि तो कुणी, का काढला तेही सांगितलं. तेव्हा आजीने शिवणवालीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

‘दोन बाटल्यांपैकी पहिली नासलेली निघाली. दुसरी स्वच्छ आहे. म्हणून बाकीच्या घरांत कुणाला काही झालं नाही. सगळी घाण पहिल्या बादलीत निघून जायची. मागच्यांना चांगलं पाणी मिळायचं. पहिली बादली मिरीच्या घरी जात होती, तोवर मिरीचं घर आजारी पडलं. मिरी गेली, बादली समोरच्या घरात गेली, आणि आजारपण बादलीच्या पाठोपाठ गेलं.’

कोपऱ्यातली एक म्हातारी, जिच्या काळात हा रिवाज पडला होता, तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. ‘लेकरांसाठीच ठरवलं होतं हो,’ ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. ‘लेकरांना पाणी कमी पडू नये म्हणून.’

‘होय,’ फौजदार तिला म्हणाला. ‘म्हणूनच ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.’

फिटर गटाराच्या दिशेने बघत होता. नमुनेवाल्याने हातातली रिकामी बाटली खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा खिशात घातली.

आणि मग धाकटी बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

‘म्हणजे हिने नंबर मागितला, तेव्हा मी दिला असता, तर माझी मिरी जगली असती.’

शिवणवालीने बाळाला आणखी घट्ट धरलं. कारण वाक्याचा न बोललेला अर्धा भाग तिच्याच हातांत होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

६

आत स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं, पण दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. धाकटी भिंतीशी बसली. फौजदार तिच्यासमोर, पाय दुखत असूनही, जमिनीवरच बसला. तिला सगळं सांगू नये असा विचार त्याने केला नव्हता असं नाही. सांध्यापर्यंत सांगून थांबता आलं असतं. पण पहिल्या बादलीबद्दल बोलल्याशिवाय पहिली बादली थांबली नसती, आणि आवारात पोरं काही कमी नव्हती.

‘खरं सांग,’ ती म्हणाली. ‘तू माणसं पकडलीस आयुष्यभर. ह्यात कुणाला पकडशील?’

‘फिटरने पट्टी बांधली. पण त्याने नवा पाइप मागितला होता.’

‘मग ज्याने दिला नाही त्याला.’

‘त्याच्याविरुद्ध तक्रार मी करणार आहे. आजच लिहायला घेतो. पाइप बदलेल, दोन-चार साहेबांच्या माना खाली जातील. पण त्यांतल्या कुणाला मिरी माहीतसुद्धा नव्हती, धाकटे.’

‘आणि पाणी तपासणारा?’

‘त्याने नियम पाळला.’

‘आणि ती समोरची?’

‘तिने तुझ्या बादलीतून घाण काढली. तेवढीच तिच्या हाताला लागली.’

धाकटीने डोळे मिटले. ‘राहिले मी.’

‘नाही.’

‘राहिलेच. रोज सगळ्यांच्या आधी उठायचे मी. मिरीला ताजं पाणी मिळावं म्हणून. समोरचीशी भांडले त्या पाण्यासाठी. स्वतःच्या हाताने पेला भरून दिला. नको म्हणाली तरी पी म्हटलं, उन्हातून आलीस, पी.’

फौजदाराने आयुष्यात कितीतरी लोकांकडून कबुलीजबाब काढले होते. हा एक त्याला कसाही करून परत तिच्या तोंडात घालायचा होता, आणि ते त्याला येत नव्हतं. ‘तुला माहीत नव्हतं,’ तो म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता हेही त्याला दिसत होतं.

बाहेर कुणाचं तरी मूल हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं.

‘इतके दिवस मी समोरचीच्या नावाने बोटं मोडत उठायचे,’ धाकटी म्हणाली. ‘सकाळी डोळे उघडले की आधी हिचा राग यायचा, मग मिरी आठवायची. त्या रागावर मी उठून बसत होते, दादा. तू तोही काढून घेतलास. आता मी रागावू कुणावर?’

‘माझ्यावर,’ तो म्हणाला. ‘उत्तर मी आणलंय ना? माझ्यावर रागव.’

त्याला वाटलं होतं, ती मान हलवेल, नाही म्हणेल. तिने तसं केलं नाही. ती उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, खांद्यांवर, हाताला लागेल तिथे मारू लागली. लहानपणी भांडायची तसं नव्हे, खरंच, लागेल असं. तो बसून राहिला. चष्मा पडला, तो त्याने उचलला नाही. दारात तिचा नवरा येऊन उभा राहिला आणि त्याने आत पाऊल टाकलं नाही. शेवटी तिचे हात थकले, तेव्हा ती तिथेच त्याच्या पायाशी कोसळली आणि मिरीच्या नावाने हंबरडा फोडून रडली. फौजदारही रडला.

पाइप बदलला गेला, गटारापासून लांबून. आवारात आता पहिली बादली कुणीच घरात नेत नाही. शिवणवालीचं बाळ रांगू लागलं. धाकटी मात्र त्या दिवसापासून भावाशी बोलत नाही.

तो तरीही दर आठवड्याला बस पकडून येतो. आला की तिच्या दारासमोरच्या पायरीवर बसतो. आजी आतून त्याला चहा आणून देते. तो आला आहे हे धाकटीला माहीत असतं. ती दार लोटून घेते, पण आतून कडी लावत नाही.